अर्ज भरायला लावण्याआधी ब्राउझर शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे आणि सायबर कॅफेंपुढे रांगा लागतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरी भागांपुरती होती. शिष्यवृत्ती, सीईटी, दाखले, सातबारा, पीकविमा, पेन्शनचा हयातीचा दाखला ही कामेही संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर आली आहेत आणि त्यांतली बरीचशी ब्राउझरमध्येच होतात. संगणकाच्या वर्गात मात्र पत्र टाइप करायला शिकवतात, तक्ता करायला शिकवतात, चित्र काढायला शिकवतात, आणि ब्राउझरची ओळख 'इथे क्लिक करा आणि शोधा' एवढ्यावर संपते. अर्ज बाद होतात, फी दोनदा कापली जाते, आधारची प्रत परक्या संगणकावर राहून जाते. या तक्रारींतला मोठा वाटा ब्राउझर नीट न वापरल्याचा असतो आणि तो टाळता येतो. त्यासाठी काय शिकवायला हवे, ते नेमकेपणाने मांडण्यासाठी हे पत्र.

खाली दिलेली बटणे विंडोजवरच्या क्रोम, एज आणि फायरफॉक्स या ब्राउझरना धरून आहेत. फरक आहे तिथे तसे लिहिले आहे. ॲपलच्या संगणकावर बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड दाबायचे.

पहिली गोष्ट बंद झालेल्या टॅबची, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेल्या एकेका पानाची. घाईत चुकून टॅब बंद होतो आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. कंट्रोल आणि शिफ्ट धरून टी दाबले की शेवटचा बंद झालेला टॅब परत येतो. पुन्हा दाबले की त्याच्या आधीचा येतो. लाइट जाऊन संगणक बंद पडला असेल, तर ब्राउझर उघडल्या उघडल्या हेच करावे, बहुतेक वेळा सगळे टॅब परत येतात. एक मर्यादा मात्र विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवायला हवी. पान परत येते, पण लॉगिन करून भरलेली माहिती परत येईलच असे नाही, कारण ती संकेतस्थळाकडे पोचलेलीच नसते. म्हणून अर्जात 'सेव्ह' किंवा 'सेव्ह ड्राफ्ट' असेल, तर प्रत्येक भाग भरून झाला की तो दाबायचा. क्रोमच्या इन्कॉग्निटो (इतिहास न साठवणाऱ्या) खिडकीत बंद केलेला टॅब अशा रीतीने परत येत नाही. कंट्रोल + डब्ल्यू एकच टॅब बंद करते, पण त्यात शिफ्ट मिसळले की सगळी खिडकी जाते. हा फरक बोटांना माहीत हवा.

आता अर्जाच्या आतल्या गोष्टी. इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जिल्हा, तालुका, जात प्रवर्ग, बोर्ड अशा याद्यांमधून निवड करायची असते. समजा, यादीतून 'सातारा' निवडले. यादी मिटली, पण ब्राउझरचे लक्ष अजून त्याच चौकटीवर आहे. पान खाली सरकवायला म्हणून माणूस कीबोर्डवरचा खालचा बाण दाबतो. पान सरकत नाही, उलट चौकटीतला जिल्हा गुपचूप बदलून यादीतला पुढचा येतो. पुष्कळ अर्जांत जिल्हा बदलला की तालुक्याची चौकट रिकामी होते, तेव्हा निदान लक्षात तरी येते. पण प्रवर्ग किंवा उत्तीर्ण वर्ष असे बदलले, तर ते छापील प्रतीवरच दिसते आणि तोवर अर्ज गेलेला असतो. उपाय सोपा आहे. निवड झाली की कीबोर्डवरचे 'टॅब' हे बटण दाबून पुढच्या चौकटीत जायचे. यादी लांब असेल तर माउसने शोधत बसू नये. चौकटीवर असताना नावाची पहिली दोन-तीन अक्षरे भराभर टाइप केली की निवड तिथे जाऊन थांबते. मागच्या चौकटीत जायला शिफ्ट + टॅब, टिक करायला स्पेस, गोल पर्यायांमध्ये फिरायला बाण. सगळा अर्ज माउसला हात न लावता भरता येतो. सराव झाला की वेळ वाचतो आणि चुकाही कमी होतात, कारण चौकट वगळून पुढे जाणे होत नाही.

बँकेचा तपशील व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून कॉपी करून टाकतात, तेव्हा पुढे-मागे एखादी मोकळी जागाही सोबत येते. डोळ्यांना ती दिसत नाही. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. त्यात एक मोकळी जागा आली की शेवटचे अक्षर कापले जाते किंवा 'चुकीचा कोड' असे उत्तर येते. कोड टाकला की होम आणि एंड ही बटणे दाबून दोन्ही टोकांना मोकळी जागा नाही ना, ते पाहावे. त्या कोडचे पाचवे स्थान नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ओ टाइप करणारे पुष्कळ आहेत. एखाद्या चौकटीत मजकूर चिकटवताना त्याचा रंग, आकार, फॉन्ट यायला नको असेल, तर कंट्रोल + शिफ्ट + व्ही वापरावे, नुसता मजकूर येतो.

पूर्वी बॅकस्पेस दाबले की ब्राउझर मागच्या पानावर जायचा. चौकटीच्या बाहेर क्लिक झालेले असताना अक्षर खोडायला गेले, की भरलेला अर्ज नाहीसा व्हायचा. क्रोमने २०१६ मध्ये आणि फायरफॉक्सने त्यानंतर ही सोय काढून टाकली, ती याच कारणाने. आता मागे जायला ऑल्ट + डावा बाण आहे. पण लॉगिन केलेल्या अर्जात तेही वापरू नये. अर्जातच 'मागील' किंवा 'प्रिव्हियस' असा पर्याय दिलेला असतो, तोच दाबावा.

पैसे भरण्याच्या पानावर तर जास्तच जपायला हवे. चक्र फिरत राहते, पान पुढे जात नाही, आणि माणूस पान रिफ्रेश करायला एफ५ दाबतो. त्या वेळी ब्राउझर विचारतो, 'माहिती पुन्हा पाठवायची का?' हा प्रश्न न वाचता 'हो' केले जाते. ब्राउझर तो प्रश्न विचारतो, कारण ते पान नुसते मागवलेले नसते, काही माहिती पाठवून मिळवलेले असते, आणि रिफ्रेश म्हणजे तीच माहिती पुन्हा पाठवणे. पलीकडच्या यंत्रणेने काळजी घेतलेली नसेल, तर दुसरा व्यवहार सुरू होऊ शकतो. अशा वेळी 'रद्द करा' म्हणावे, पडद्यावर व्यवहार क्रमांक असेल तर तो टिपून घ्यावा, बँकेचा संदेश पाहावा, आणि दुसऱ्या टॅबमध्ये नव्याने लॉगिन करून 'पेमेंट स्टेटस' तपासावे. पैसे गेले आहेत पण पावती नाही, अशी स्थिती दिसली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. स्थिती अद्ययावत व्हायला वेळ लागू शकतो.

पावतीवरून आठवले. 'प्रिंट' किंवा 'डाउनलोड' दाबूनही काहीच होत नाही, अशी तक्रार रोज कानावर येते. पुष्कळदा पावती नव्या छोट्या खिडकीत उघडायची असते आणि ब्राउझरने ती अडवलेली असते. अशी खिडकी अडवली की क्रोम आणि एज पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला छोटे चिन्ह दाखवतात, तर फायरफॉक्स वर एक पट्टी दाखवतो. त्यावर क्लिक करून त्या एका संकेतस्थळाला परवानगी द्यायची आणि पुन्हा 'प्रिंट' दाबायचे. सगळ्याच संकेतस्थळांना सरसकट परवानगी देऊ नये.

पावती कागदावर छापण्याआधी ती पीडीएफ करून ठेवावी. कंट्रोल + पी दाबल्यावर प्रिंटरच्या नावाच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडता येते, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. याच खिडकीत कागदाचा आकार तपासावा. कित्येक संगणकांवर तो मुळात 'लेटर' असतो, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७ आहे. आकार चुकला की उजवीकडचा स्तंभ किंवा खालची सहीची ओळ कापली जाते, नाहीतर दोन ओळींसाठी दुसरा कागद जातो. 'अधिक सेटिंग्ज' उघडली की प्रमाण कमी करता येते. ९० टक्क्यांवर बहुतेक पावत्या एका पानात बसतात. अर्जावर रंगीत पट्ट्या किंवा पार्श्वभूमीतले शिक्के असतील आणि ते छापले जात नसतील, तर 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' यावर टिक करावी. वर-खाली तारीख आणि पत्ता छापला जातो तो हवा की नको, हेही इथेच ठरते. माझ्या मते पावतीवर तो असू द्यावा. कोणत्या दिवशी, कोणत्या पानावरून काढली याची नोंद राहते.

पीडीएफ नको, पडद्यावर दिसते तेच चित्र म्हणून हवे असेल, तर फायरफॉक्स आणि एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एस आहे. त्यात दिसणारा भागच नव्हे, तर खालपर्यंतचे पूर्ण पान एका चित्रात घेता येते. चूक दाखवणारा संदेश मदत कक्षाला पाठवायचा असेल, तर मोबाइलने पडद्याचा फोटो काढण्यापेक्षा हे स्पष्ट येते.

स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यांची रुंदी-उंची पुष्कळदा १३६६ बाय ७६८ असते. मोठ्या पडद्यावर बसून बनवलेले अर्ज त्यावर मावत नाहीत. मध्येच उघडणाऱ्या चौकटीतले 'सबमिट' पडद्याखाली जाते आणि ती चौकट सरकतही नाही. कंट्रोल धरून वजा चिन्ह दाबत गेले की पान ९०, ८० टक्के असे लहान होत जाते आणि लपलेला भाग दिसतो. काम झाले की कंट्रोल + शून्य. ब्राउझर हा आकार त्या संकेतस्थळापुरता लक्षात ठेवतो, म्हणून सार्वजनिक संगणकावर तो पूर्ववत करून उठावे. ज्येष्ठांना उलट गरज असते. कंट्रोल + अधिक दाबून दीडपट केले, तर चष्म्याशिवायही यादी वाचता येते.

गुणवत्ता यादी जाहीर झाली म्हणतात, पण पडद्यावर जुनीच दिसते. ब्राउझर पानाचे काही भाग आपल्याकडे साठवून ठेवतो, म्हणजे दर वेळी ते नव्याने आणावे लागत नाहीत. नुसत्या एफ५ ने कधीकधी तेच जुने भाग वापरले जातात. कंट्रोल + एफ५ किंवा कंट्रोल + शिफ्ट + आर दाबले की साठा बाजूला ठेवून सगळे पुन्हा मागवले जाते. पुष्कळ लॅपटॉपवर एफ५ दाबले की आवाज नाहीतर प्रकाश बदलतो, तिथे सोबत एफएन धरावे लागते, नाहीतर आरचा पर्याय आहेच. पण संकेतस्थळ गर्दीने दमलेले असताना दर पाच सेकंदांनी हे करण्याने काही साधत नाही, पलीकडचा भार मात्र वाढतो.

यादी उघडली की नाव शोधायला कंट्रोल + एफ. इंग्रजी यादीत हे सुरळीत चालते. मराठी यादीत का चालत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण यात वापरणाऱ्याचा दोष नसतो.

पहिले कारण जुने फॉन्ट. कित्येक कार्यालयांत अजून युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ बनवतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण आतमध्ये ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. युनिकोडमध्ये टाइप केलेले 'पाटील' तिथे कधीच सापडणार नाही. ओळखायची युक्ती अशी: पीडीएफमधली एक ओळ निवडून कॉपी करावी आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवून पाहावी, एंटर न दाबता. मराठी उमटली तर शोध चालेल. विचित्र चिन्हे उमटली तर फॉन्ट जुना आहे. काहीच निवडता आले नाही तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. मग अर्ज क्रमांकाने शोधावे. इंग्रजी अंकांनी सापडले नाही तर देवनागरी अंक टाकून पाहावेत.

दुसरे कारण बारीक आहे. युनिकोडमध्येही काही मराठी अक्षरे दोन-तीन प्रकारे लिहिता येतात. 'ॲडमिशन'मधला ॲ हे एकच स्वतंत्र चिन्ह असू शकते, किंवा अ वर चंद्र चढवून तयार झालेले असू शकते. 'दुसऱ्या', 'कोऱ्या' यांतला अर्धा 'र'ही दोन रीतींनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकासाठी ते वेगळे शब्द असतात. म्हणून मराठीत शोधताना पूर्ण शब्द टाकू नये, अडचणीचे अक्षर टाळून मधला तुकडा टाकावा. 'ॲडमिशन' ऐवजी 'डमिशन', 'कुऱ्हाडे' ऐवजी 'हाडे'. आडनावात ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो, तेव्हा 'पाटील' ऐवजी 'पाट' टाकून, एंटर दाबत दाबत पुढे जावे. शिफ्ट + एंटरने मागे येता येते. क्रोम आणि एजमध्ये उजवीकडच्या सरकपट्टीवर पिवळ्या-नारिंगी खुणा उमटतात. त्यावरून शब्द पानात कुठे कुठे आहे, ते एका नजरेत कळते.

पत्त्याच्या पट्टीकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. संकेतस्थळाचे नाव शोधयंत्रात टाकायचे आणि पहिला दुवा उघडायचा, ही सवय धोक्याची आहे. पहिला दुवा जाहिरातीचा असू शकतो आणि जाहिरात कोणीही देऊ शकतो. मूळ पत्ता माहिती पुस्तिकेवरून एकदा पाहून टाइप करावा, कंट्रोल + डी ने बुकमार्क करून ठेवावा आणि नंतर तिथूनच उघडावा. पट्टीत जायला कंट्रोल + एल. आणखी एक: पट्टीत नाव टाइप करून कंट्रोल + एंटर दाबले की शेवटी 'डॉट कॉम' आपोआप लागते. ही सोय सरकारी कामात वापरू नका. शासनाचे पुष्कळ पत्ते 'जीओव्ही डॉट इन' ने संपतात, त्याच नावाचे 'डॉट कॉम' दुसऱ्याच कोणाचे असू शकते.

पत्ता खरा की खोटा हे ओळखायला तो उजवीकडून वाचायचा. दोन तिरक्या रेघांनंतर पत्ता सुरू होतो. त्यापुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. तिच्या लगेच आधी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर ते शासनाचे. 'जीओव्ही डॉट इन' मध्येच कुठेतरी आहे आणि त्यापुढे आणखी ठिपका देऊन दुसरे नाव जोडले आहे, तर ते शासनाचे नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा वेगळा शेवट ठरवला आणि बँकांना त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये. कुलूप एवढेच सांगते, की मधल्या वाटेवर कोणी वाचू शकणार नाही. पलीकडे कोण बसले आहे, ते सांगत नाही. फसव्या संकेतस्थळांनाही कुलूप मिळते. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून त्या जागी सेटिंग्जचे साधे चिन्ह आणले. चुकीचा पत्ता एकदा टाइप झाला की ब्राउझर तो पुढच्या वेळी सुचवत राहतो. सूचनेवर खालच्या बाणाने जाऊन शिफ्ट + डिलीट दाबले की ती यादीतून जाते.

ही शेवटची युक्ती सार्वजनिक संगणकावर फार कामाची आहे. अर्जाच्या चौकटीवर क्लिक केले की आधीच्या लोकांचे मोबाइल क्रमांक, ई-मेल, कधी आधार क्रमांकसुद्धा खाली दिसतात. ब्राउझरने साठवलेली ही माहिती आहे. बाणाने तिच्यावर जाऊन शिफ्ट + डिलीटने एकेक नोंद काढता येते, पण खरा उपाय म्हणजे ती साठूच न देणे. सेवा केंद्राने प्रत्येक नागरिकासाठी क्रोमची किंवा एजची 'गेस्ट' खिडकी उघडावी, म्हणजे वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या चिन्हावर क्लिक करून पाहुणा म्हणून सुरू केलेली. ती बंद केली की इतिहास, कुकीज, भरलेली माहिती सगळे पुसले जाते. इन्कॉग्निटोही चालते. त्यासाठी क्रोम-एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एन आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + पी. मात्र इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद केल्याशिवाय लॉगिन पुसले जात नाही. एक खिडकी मागे उघडी राहिली तर पुढच्या माणसाला आधीच्याचे खाते उघडे मिळते. आणि हे इन्कॉग्निटो आपल्याला अदृश्य करते, असा समज आहे तो काढून टाकावा. इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि कार्यालयाच्या नेटवर्कला आपण कुठे गेलो ते कळू शकते.

डाउनलोड केलेल्या फाइल मात्र दोन्ही प्रकारांत संगणकावरच राहतात. कंट्रोल + जे दाबले की डाउनलोडची यादी येते. यादीतून नाव काढले म्हणून फाइल गेली, असे समजू नये. 'फोल्डरमध्ये दाखवा' करून, फाइल निवडून शिफ्ट + डिलीट दाबावे. शिफ्टशिवाय केले तर ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते. ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते खरी, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. अर्ज भरून देणाऱ्याला हे दोन्ही माहीतच असते.

घरी ज्येष्ठांना घाबरवणारा प्रकार वेगळा आहे. अचानक पूर्ण पडदा भरून 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असे येते, भोंगा वाजतो आणि बंद करायला कुठेच खूण नसते. हे फक्त एक वेबपान असते, पूर्ण पडद्यावर पसरलेले. एस्केपचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावे, किंवा एफ११ दाबावे. पडदा लहान झाला की कंट्रोल + डब्ल्यू. तरी हलले नाही तर ऑल्ट + एफ४. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर जुने टॅब परत आणायचे का असे विचारले, तर नाही म्हणावे. त्या क्रमांकावर फोन करू नये. कोपऱ्यात वारंवार असेच इशारे येत असतील, तर कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने 'सूचना पाठवू का?' विचारले आणि 'अलाउ' दाबले गेले आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता व सुरक्षा, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, असे जाऊन अनोळखी नावे काढून टाकली की ते बंद होते.

वाचणाऱ्यांसाठी दोन सोयी सांगतो. फायरफॉक्स आणि एजमध्ये लेखाच्या पानावर एफ९ दाबले की जाहिराती आणि बाजूच्या पट्ट्या जाऊन नुसता लेख मोठ्या अक्षरांत उरतो. प्रत्येक पानावर ते चालत नाही, लेखासारखी रचना असली तरच चालते. एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + यू ने पान मोठ्याने वाचून दाखवले जाते. इंग्रजी पान मराठीत करून देणारे भाषांतर क्रोममध्ये आहे आणि माहिती समजून घ्यायला ते पुरेसे आहे. अर्ज भरताना मात्र ते बंद ठेवावे. आडनावांचे, गावांचेही भाषांतर होते आणि यादीतले पर्याय भलतेच दिसू लागतात.

मोबाइलवर अर्ज भरणाऱ्यांनी क्रोमचे उजवीकडचे तीन ठिपके उघडून 'पेजमध्ये शोधा' आणि 'डेस्कटॉप साइट' या दोन सोयी तेवढ्या ओळखून ठेवाव्यात. मोबाइलवर लपलेले पर्याय पुष्कळदा दुसऱ्या सोयीने दिसतात.

हे सगळे शिकवायला दोन तासिका पुरतात. शाळांनी ते नववी-दहावीच्या संगणकाच्या तासाला घ्यावे, प्रशिक्षण संस्थांनी पहिल्याच आठवड्यात घ्यावे, आणि प्रात्यक्षिक खोट्या अर्जावर करून घ्यावे. मुद्दाम टॅब बंद करायला लावावा, यादीत बाण दाबायला लावावा, पावती ए-फोरवर काढायला लावावी. सेवा केंद्रांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत या बटणांचा एक छापील तक्ता संगणकाशेजारी लावायला खर्च काहीच नाही.

पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांना धरून आहे. त्या निकषांत पानावरचे सगळे काम नुसत्या कीबोर्डने करता आले पाहिजे, असे म्हटले आहे. वेळेची मर्यादा घातली असेल तर ती संपण्याआधी सूचना द्यावी आणि एखादे साधे बटण दाबून मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, असा एक पर्यायही त्यात आहे. अर्ज बनवून घेणाऱ्या विभागांनी काम ताब्यात घेण्याआधी एकदा माउस काढून ठेवून तो अर्ज भरून पाहावा, १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर भरून पाहावा, आणि याद्यांच्या पीडीएफ युनिकोडमध्येच द्याव्यात. पुढच्या प्रवेश फेरीआधी एवढे झाले तरी रांगेतल्या पुष्कळांचा एक हेलपाटा वाचेल.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक, कराड